आमिषाच्या सत्तावन्न कृती आणि त्यांचे वारस

मी, सौ. लंकाबाई भिमाजी वाबळे, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण सातवी पास, व्यवसाय घरकाम, शेती आणि मासे धरून सोडून देणे, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या घरच्या पडवीत बसून, माझ्या हाताने, चष्मा लावून लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही, काय लिहायचे ते कोणी पढवलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टर पूजा म्हस्के यांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आजी, बास."

मला कसलाही आजार नाही. गेल्या महिन्यात बंधाऱ्याच्या पायरीवर पाय घसरला आणि घोटा मुरगळला. तीन आठवडे पलंगावर पडून होते. तेव्हा लक्षात आले, की माझ्या कोणत्या डब्यात काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे उद्या मी नसले तर घरात कोणालाही सांगता येणार नाही. कोणीतरी बडीशेपेचा डबा समजून भलतेच काही पाहुण्यांपुढे ठेवील. म्हणून हे लिहिणे.

कलम एक. पोस्टातली ठेव, सोन्याच्या दोन बांगड्या आणि बोरमाळ माझी एकुलती मुलगी सुकन्या हिला द्यावी. ठेव किती आहे ते तिला ठाऊक आहे, गावाला कळण्याचे कारण नाही. बोरमाळ तिने गळ्यात घालावी. कपाटात कुलूप लावून ठेवायची असेल तर मग नदीत टाकलेली बरी.

कलम दोन. माझ्या वह्या. या कलमासाठी थोडे मागे जावे लागेल. ज्याला घाई असेल त्याने कलम तीनपासून वाचावे, पण मग भांडायला येऊ नये.

माझे माहेर राजूरच्या खाली, प्रवरेच्या काठचे. भाताची लावणी उरकली की माझे वडील काठी घेऊन नदीवर जात आणि मला बरोबर नेत. पाचव्या वर्षापासून माझ्या हातात गळ होता. १९७५ साली लग्न होऊन मी त्याच नदीच्या खालच्या अंगाला, देवळालीत आले. पाणी तेच, ताट मात्र वेगळे. वाबळ्यांचे घर माळकरी. सासू, सासरे, थोरले दीर आणि माझे पती, सगळ्यांच्या गळ्यात माळ. मासळीचे नावसुद्धा घरात घ्यायचे नाही. ही गोष्ट वडिलांना आधीच ठाऊक होती. पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी त्यांच्यावर चिडले, तर म्हणाले, "लंके, मास्तर जावई कुटं मिळतोय? आन् नदी तर तिथंबी हायेच की."

नदी होतीच, म्हणून तर सगळा घोळ झाला.

मासा खायची हाव मला कधीच नव्हती. मला हवा होता तो तरंगा बुडण्याचा क्षण. पाण्यावर ज्वारीच्या ताटाचा हलका तुकडा डुलत असतो, आणि एकदम तो तिथे नसतोच. त्या वेळी पोटात जे होते, ते दुसऱ्या कशानेही होत नाही. लग्नाला तीन वर्षे होत आली तेव्हा धुणे धुताधुता माझ्याने राहवेना. बाजारातून गळ आणि तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा आणून मी दगडाच्या कपारीत लपवला. आमिषाला कणकेची गोळी. पण मासे ती टोकरून जात, धरत नसत. एके दिवशी वरणाला फोडणी देऊन तशीच नदीवर गेले. हाताला हिंगाचा वास होता. त्या हाताने वळलेली पहिलीच गोळी एका रोहूने गिळली. मी त्याला पाहिले, सोडले आणि धुणे विसरून घरी आले.

त्या दिवसापासून घरातला हिंग कमी होऊ लागला.

हिंगाच्या डबीवर लक्ष होते ते माझ्या थोरल्या जावेचे, श्रीमती दगडाबाई यांचे. मी त्यांना आक्का म्हणते. स्वयंपाकघराच्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि पडवीत त्यांचे शिलाई मशीन. आक्कांनी हिंग कमी झालेला पाहिला, मग बडीशेप कमी झालेली पाहिली, मग मला पदरात कच्चे पीठ बांधून घराबाहेर जाताना पाहिले. त्यांनी सासूबाईंना सांगितले, "आत्याबाई, धाकटीला दिवस गेलेत. हिंग चोरून खाती."

तीन वर्षे घरात पाळणा नव्हता. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे कै. बनुबाईंनी, मला एका शब्दाने न विचारता गल्लीत गूळखोबरे वाटले. मी नदीवरून आले तर ओट्यावर दहाबारा बायका, मध्ये कासार बसलेला आणि पाटावर हिरवे लुगडे. मला बसवले, हिरव्या बांगड्या भरल्या. बायका हसत होत्या. माझे पती, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मी म्हणाले, "आत्याबाई, हिंग मी खाल्ला नाही."

"मग कुनी खाल्ला?"

"माशांनी."

मग मी सगळे सांगितले. गळ, कणीक, कपार, सगळे. रडत सांगितले. आता माहेरी धाडतात असेच वाटत होते. कासाराने हळूच बांगड्यांची माळ आवरायला घेतली. सासूबाईंनी त्याला हाताने थांबवले.

"भरल्यात त्या ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिरव्या बांगड्यांनी काय वाईट व्हत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुण्याची पाटी डोक्यावर घेतली, तर त्या मागून चालत आलेल्या. नदीवर दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव."

मी गोळी लावली. अर्ध्या तासाने तरंगा बुडाला, आणि अर्ध्या किलोचा रोहू वर आला. सासूबाईंनी जन्मात मासा जवळून पाहिला नव्हता. त्यांनी एका बोटाने त्याच्या अंगाला हात लावला. "गार हाय," म्हणाल्या. मग, "जगंल का?" मी म्हणाले, जगेल. "मग सोड." मी सोडला. तो गेला तिकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, आता हे संपले. तेवढ्यात म्हणाल्या, "आता परत धर की."

तिथून आमचे सुरू झाले. नियम त्यांनीच घातला. मासा घरात आणायचा नाही, विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. धरायचा, बघायचा, सोडायचा. माळेला बाध नाही आणि मनाची हौस भागते. आमिष त्या मळत. भाकरीच्या पिठावर चाळीस वर्षे चाललेले ते हात. मी मळलेली गोळी पाण्यात पाच मिनिटांत विरघळे, त्यांची पाऊण तास टिके. आणि घरातली एकही वस्तू त्यांनी तपासल्याशिवाय सोडली नाही. "हे आवडतंय का बघू त्यांला," असे म्हणून त्या पदराखालून पुडी काढत. खोबरेल तेल लावले तर फक्त चिलापी येई. मेथी भाजून, कुटून, ताकात भिजवली तर मृगळ. लसणाला वाम. सुकन्येच्या गुटीतले जायफळ उगाळले तेव्हा काय आले ते अजून कळलेले नाही, दोरा तोडून गेले. काळ्या दंतमंजनाला एकही मासा फिरकला नाही, आणि डोकेदुखीचा बाम लावला त्यानंतर दोन दिवस त्या डोहात बेडूकसुद्धा ओरडला नाही. मास्तरांच्या अंगाला लावायच्या पावडरीने मात्र कमाल केली. मास्तरांना ती संपण्याचे कारण आम्ही सांगितले नाही.

सासूबाईंना लिहिता येत नव्हते. त्या सांगत, मी वहीत उतरवत असे. नंबर, जिन्नस, प्रमाण, कोणते पाणी, कोणता मासा. मास्तर ती वही रात्रीच्या जेवणाआधी घेत आणि लाल शाईने शुद्धलेखन तपासत. ‘मृगळ’मधला ऋकार मला त्यांनी तीन वेळा लिहायला लावला. मजकुराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

१९८३ साली सुकन्या झाली. ती पोटात असताना मला हिंगाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, म्हणून ते सहा महिने सासूबाई एकट्या नदीवर गेल्या. एकट्यांनी चौदा मासे धरले. वहीत त्याची नोंद होती.

होती म्हणते, कारण १९९३च्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या सकाळी, आक्कांनी पाणी तापवायचा बंब पेटवायला ती वही घातली. मी अंगणात आले तेव्हा पुठ्ठा जळत होता. सत्तावन्न कृती होत्या तिच्यात. मी ओरडले. आक्का म्हणाल्या, मास्तरच्या शाळेचे जुने पेपर समजून टाकली. मी म्हणाले, मुद्दाम टाकली. त्या म्हणाल्या, सणाच्या दिवशी तोंड आवर. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चुली वेगळ्या झाल्या, पडवीत भिंत आली. एका घराच्या दोन दारांतून आम्ही एकतीस वर्षे आत-बाहेर करत राहिलो. लग्नात, बारशात, त्यांचे यजमान गेले तेव्हाही, मी गेले, बसले, उठले. शब्द नाही.

सासूबाईंनी आठवून आठवून बावीस कृती पुन्हा सांगितल्या. पण एकेचाळीस नंबर काही जमेना. त्या गोळीला कटला येई, मोठा, थोराड, आमच्या डोहातला राजा. तिची सुरुवात अशी झाली होती, की सासूबाईंनी कुरकुरणाऱ्या दाराला आक्कांच्या कुप्पीतले मशीनचे तेल घातले आणि हात न धुता पीठ मळले. तेल मला ठाऊक होते. पण नुसत्या तेलाने ती गोळी होत नव्हती. सासूबाई मळताना शेवटी काहीतरी घालत. मी विचारले की म्हणत, "घातलं की समदं." मग त्यांना खरेच आठवेनासे झाले. १९९९ साली त्या गेल्या. पुढे पंचवीस वर्षे मी एकेचाळीस नंबर करत राहिले आणि कटला येत नव्हता.

या वर्षीच्या फेब्रुवारीत गावातल्या तरुण मंडळाने केटी बंधाऱ्यावर गळाने मासे धरण्याची स्पर्धा ठेवली. वेळ सकाळी सात ते दहा. मासा तोलायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हा नियम वाचून मी नाव दिले. सव्वीस नावांत बाई मी एकटी. बाकीच्यांकडे पुण्याहून आणलेली, स्ट्रॉबेरीच्या वासाची तयार आमिषे होती. माझ्याकडे स्टीलचे पाच डबे. पोरे हसली. नऊ वाजून गेले तरी माझा तरंगा हलला नव्हता, तेव्हा मीही मनातून खचले.

तेवढ्यात कानिफनाथ ढोकणे यांची रिक्षा बांधावर थांबली आणि आक्का उतरल्या. वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले. रिक्षावाल्याचा हात धरून पायऱ्या उतरल्या आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. बंधाऱ्यावरचे सगळे वळून पाहू लागले. आमचे बोलणे नाही हे गावाला माहीत आहे.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

मी सरकले. त्या टेकल्या, श्वास घेतला आणि माझ्या डब्यांकडे पाहिले.

"काय लावलंय?"

"बडीशेप, आंबट ताक, मशीनचं तेल."

"आन् मेण?"

"कसलं मेण?"

"तुला म्हाईतच न्हाई व्हय?" त्या हसल्या. "दोऱ्याला लावायचं मधमाशीचं मेण. मशीनच्या खणात असायचं माझं. सासू तेल न्यायची ती न्यायची, पन मेणबी न्यायची. दर शनवारी नखायेवढा तुकडा कमी. एकदा मुद्दाम लई मोठा ठिवला, तरी तिनं नखायेवढाच नेला."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून मेणाची वडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती घट्ट धरली. मग विचारले, कारण तेव्हा नाही तर पुन्हा विचारता आले नसते. "आक्का, वही मुद्दाम जाळली का?"

"व्हय."

मी डब्यांची झाकणे लावू लागले.

"तुमी दोघी रोज हसत हसत नदीवरनं यायच्या," त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "मी मशीनवर बसून बघायची. माझा हिंग चालायचा, माझं तेल चालायचं, माझं मेण चालायचं. मीच तेवढी चालत न्हवते."

एकतीस वर्षे मी जे बोलायचे ठरवून ठेवले होते, त्यातले एकही वाक्य तिथे उपयोगाचे नव्हते. पंधरा वर्षे सासूबाई आणि मी त्यांच्या मशीनसमोरून नदीवर गेलो. एकदाही त्यांना हाक मारली नाही. आमच्या मनातच आले नाही. चोरी त्यांच्या डब्यांची झाली आणि रागावले मी.

मेण उन्हात मऊ केले, पिठात मळले, गोळी वळली आणि टाकली. मग काठी आक्कांच्या हातात दिली. "मला न्हाई येत," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "नुसती धरा."

दहाला बारा मिनिटे असताना तरंगा गेला. डुललासुद्धा नाही, सरळ गेला. आक्का ओरडल्या, "ए लंके, ओढतोय गं! मला नेतोय त्यो!" मी मागून त्यांच्या कमरेला धरले. रिक्षावाल्याने मला धरले. काठी पार वाकली. आक्का एकीकडे माशाला शिव्या देत होत्या आणि एकीकडे त्याला "ये रं राजा, ये" म्हणत होत्या. कटला वर आला तेव्हा त्या चिखलात बसलेल्या होत्या, लुगडे भिजलेले, दात नसलेले तोंड उघडे, आणि हसणे थांबत नव्हते. सहा किलो दोनशे ग्रॅम. पहिला नंबर बेलापूरच्या एका गृहस्थांचा आला, त्यांचा मासा सात किलोचा. आक्कांनी काटा खोटा आहे म्हणून मंडळाच्या अध्यक्षाशी अर्धा तास भांडण केले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आजी, तुम्हीच तोलून बघा." त्यांनी तोलून बघितला, सात किलोच भरला, मग त्या म्हणाल्या, "त्यो मासा रिकाम्या पोटी न्हवता."

तेव्हापासून आम्ही रोज जातो. आणि वही परत मिळाली. आक्कांच्या डोक्यात त्या वर्षांतल्या प्रत्येक आठवड्याला स्वयंपाकघरातून काय गेले ते जसेच्या तसे होते. त्या म्हणत, "संक्रांतीच्या मागं खसखस गेली व्हती." मी म्हणे, तेव्हा शिंगटे आले होते. दोघींनी जुळवत जुळवत आणखी एकोणतीस कृती उभ्या केल्या. उरलेल्या सहा आठवणीतून आल्या नाहीत, त्या आम्ही नव्या बसवल्या. बावीस, एकोणतीस आणि सहा मिळून सत्तावन्न. सुकन्या श्रीरामपूरला औषधांच्या दुकानात काम करते. ‘नखाएवढा’ आणि ‘चिमूटभर’ यांचे तिने ग्रॅम काढून दिले आहेत.

तरी या वह्यांची व्यवस्था अशी. मूळ वही सुकन्येकडे राहील. एक प्रत आमच्या गावच्या वाचनालयात ठेवावी, ज्याला हवे त्याने बसून उतरवून घ्यावे. एका कंपनीचा माणूस मला कृती विकत मागायला आला होता, त्याला मी चहा दिला. कृती विकायच्या नाहीत. एकेचाळीस नंबरवर माझे निम्मे नाव आणि निम्मे श्रीमती दगडाबाईंचे लिहावे, आणि दोघींच्या वर कै. बनुबाईंचे. मशीनचे तेल आगपेटीच्या काडीच्या टोकावर राहील एवढेच घ्यायचे, आणि तेही महिन्यातून एकदा. नदी पिण्याच्या पाण्याची आहे. जास्त ओतणाऱ्याला कोणीही माझ्या नावाने बंधाऱ्यावरून उठवावे.

कलम तीन. नदीकाठची सतरा गुंठ्यांची मळई, म्हणजे गाळाची जमीन, सासूबाईंनी मला बक्षीसपत्राने दिली आहे. ती सुकन्येच्या नावे व्हावी. दगडाबाईंना त्या जिवंत असेपर्यंत तिथे बसण्याचा, काठी टाकण्याचा आणि मोठ्याने बोलण्याचा हक्क राहील. त्यांचे चिरंजीव हर्षल यांना तिथे पाहुण्यांसाठी हॉटेल आणि पोहण्याचा हौद बांधायचा आहे. हर्षल, तू कष्टाळू आहेस, माझा लाडका आहेस, पण नदीच्या काठावर हौद कशाला? तुला रस्त्याकडच्या विहिरीतला माझा पाण्याचा वाटा दिला आहे. त्यावर डाळिंब लाव.

कलम चार. बेलापूरचे किराणा दुकानदार वाल्मिकशेठ यांनी मला बारा वर्षे हिंगात पीठ घालून विकले. मला वासाने कळले नाही, माशांना कळले. दुसऱ्या दुकानाच्या हिंगाला मासा येई, यांच्या हिंगाला नाही. मी दुकानात जाऊन सांगितले तेव्हा शेठ म्हणाले, "बाई, माशांची तक्रार आम्ही घेत नाही." त्यांना माझी हिंगाची रिकामी डबी द्यावी. वर चिठ्ठी लावावी, "गिऱ्हाइकांच्या वतीने."

कलम पाच. काठ्या चार आहेत. बांबूची लांब काठी दगडाबाईंना. घडीची काठी, जी सुकन्येने मला साठीला आणली, ती तिला परत. उरलेल्या दोन आणि गळांचा डबा शाळेत द्यावा, आणि मुलींना आधी शिकवावे. मुलगे आपले आपण शिकतात.

कलम सहा. माझे पती श्री. भिमाजी वाबळे, निवृत्त शिक्षक. पन्नास वर्षांत मास्तर एकदाही नदीच्या पाण्याजवळ आले नाहीत. लहानपणी ते पुरात वाहून जाता जाता वाचले, ते पाण्याला भितात. हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळले, तेही सासूबाईंकडून. पण रोज संध्याकाळी मी परत निघाले की ते वरच्या बांधावर उसाच्या कडेला उभे असतात. विचारले की म्हणतात, "उसाला पाणी पोचलं का बघायला आलो." आमच्या उसाला ठिबक आहे. मी आधी गेले तर ते तिथे येणे थांबवणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या ठेवीतून वरच्या बांधावर पाठ टेकता येईल असा एक बाक बसवावा आणि त्यावर सावली करावी. उन्हात उभे राहून त्यांची मान दुखते.

कलम सात. दहाव्या दिवशी घाटावर कावळ्याची वाट पाहत कोणी ताटकळू नये. सत्तावन्न प्रकारच्या गोळ्या मळाव्यात, मळायला जमेल त्या सगळ्या बायकांना बोलवावे, आणि त्या पाण्यात टाकाव्यात. गळ लावायचा नाही. तेवढा एक दिवस माशांनी फुकट खावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुकन्येने करावी. यात काही राहून गेले असेल, तर तिने आपल्या समजुतीने करावे. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी तोंडावर कधी म्हणाले नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम आठ. भांडी, गाद्या, शिधा आणि

आठवे कलम अर्धेच राहील. वरच्या धरणातून आवर्तन सुटले आणि नवे पाणी बंधाऱ्याला पोहोचले, असा निरोप आत्ताच आला. नव्या पाण्यात पहिले दोन तास कटला वर येतो. भांड्यांची वाटणी ज्याने त्याने समजुतीने करावी, मला वेळ नाही. साक्षीदारांना मी बंधाऱ्यावरच बोलावले आहे.

हे सर्व मी माझ्या मर्जीने लिहिले आहे, ते मला मान्य आहे आणि मला त्याचा आनंद आहे.

(सही) लंकाबाई भिमाजी वाबळे

साक्षीदार. आम्ही दोघांनी लंकाबाईंना आमच्या डोळ्यांसमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. सहीच्या वेळी त्या शुद्धीवर होत्या, उजव्या हातात पेन आणि डाव्या हातात काठी होती.

१) डॉ. पूजा म्हस्के, देवळाली प्रवरा
२) कानिफनाथ ढोकणे, रिक्षाचालक, देवळाली प्रवरा

स्थळ : केटी बंधारा, प्रवरा नदी, डावी बाजू, तिसरी पायरी
दिनांक : १८ डिसेंबर २०२५, गुरुवार, सकाळी साडेनऊ

ता.क. माझ्या सहीतल्या ‘वाबळे’ या शब्दावर पाणी उडून शाई पसरली आहे. ती खाडाखोड समजू नये. साडेआठ किलोचा होता, आणि शेपटी त्याची होती.